राणीचा रिटेनर

इंदिरानगरला दातांच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या श्यामलाच्या कानांवर या परमुलखात अचानक मराठी पडलं. डॉक्टरांच्या खोलीतून मायलेकी बाहेर येत होत्या.

"आई, तारा निघाल्या! बघ ना, थगळे दात थरळ!"

"दिसतायत गं! पण या रिटेनरनं बोबडी झालीस. उद्या मंडळाच्या नाटकात राणी आहेस. तेवढ्यापुरता काढ."

"मुळीच नाही! जेवतानाच काढायचा, नाहीतर दात परत वाकडे होतील. इतकी वर्षं तारा घातल्या त्या काय फुकट? ऐक. थेनापती, थिंहाथन थोडा!"

"सोडा की थोडा?"

"हथू नको! थेनापती... थिंहासन..."

"आला! स आला! जीभ तशीच ठेव. परत म्हण, मोठ्यानं!"

"सेनापती, सिंहासन सोडा!"

श्यामला ताडकन खुर्चीवरून उठून उभी राहिली.