माझ्या खुर्चीवरचा स्क्रू

...नाही, पण मी म्हणतो, साध्या स्क्रूची माणसानं चौकशी तरी काय करायची? स्वभाव कसा, घराणं कोणतं? स्क्रू तो स्क्रू, त्यात काय बघायचं! हे माझं वाक्य बरं का, आणि तुम्हाला सांगतो, आमच्या घरात आता मला याच वाक्यानं हाक मारतात.

झालं काय, आमच्या हिचा शिवणाचा क्लास. मागच्या अंगणात आठ मशिनी, आठ बायका, आणि वर छप्पर नाही. म्हणून मी लाकडी सांगाडा उभा केला, लाकूड कसलं भारी, वाळवी लागू नये म्हणून कारखान्यातच दाब देऊन औषध पाजलेलं, त्यावर जस्त चढवलेला पत्रा, आणि पत्रा ठोकायला स्क्रू... ते मी निवडले. कसे? चमक बघून! वर्षभरात गंजून लाल झाले हो, आणि एके दिवशी पावसाचा एक तांबडा थेंब टपकला, तो कुठे? जमिनीवर? छे! गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र ब्लाउजच्या पाठीवर, बरोब्बर मध्ये. वीस वर्षांत हिनं कमावलेलं नाव, आणि ती बाई म्हणते, "ताई, हे नवीन डिझाइन का?" हिनं आधी छपराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुमचं लग्न झालं असेल तर तसं बघणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ही मला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, "काका, त्या लाकडाच्या औषधात तांबं असतं, ते साध्या लोखंडाला खातं. वरची चमक म्हणजे नुसती पावडर." म्हटलं, मग स्टेनलेस द्या, विषय संपवा. तर म्हणे, "स्टेनलेसचं लाकडाशी पटेल हो, पण पत्र्यावरच्या जस्ताशी नाही पटायचं." घ्या! आता छपरावरही भांडणं, घरातली कमी पडत होती जशी! पण हिला लगेच कळलं. "म्हणजे कापड बघून दोरा घ्यायचा, असंच ना? मग दोन्हीकडे जुळवून घेणारा कोणी नाही का?"

"आहे की काकू! वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले. रूप नाही, पण टिकतील."

काळपट, खरखरीत... मी नाक मुरडलं, तर ही म्हणते, "रूपावर जाऊ नका, मी गेले होते का?" दुकानदार असा हसला, असा हसला की स्क्रू मोजायलाच चुकला.

आणि तुम्हाला सांगतो, तिथेच घात झाला. जुने स्क्रू काढून सगळा पत्रा पुन्हा ठोकून झाला, शेवटच्या भोकाला स्क्रूच नाही! एका स्क्रूसाठी एवढी शिडी उतरून कोण जाणार? खिशात चाचपलं तर जुन्यातला, न वापरता उरलेला एक चकचकीत. स्वतःशीच पुटपुटलो, स्क्रू तो स्क्रू, त्यात काय बघायचं, आणि दिला पिळून. कोणी बघत नव्हतं. ही होती खाली शिडी धरून, पण ती कशाला वर बघतेय...

वर्ष झालं. काय पाऊस, काय वारा, पत्रा हलला नाही की कापडावर एक डाग नाही! आठाच्या बारा बायका झाल्या, मशिनींचा नुसता गजर, आणि मधोमध हिचं हसणं. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! मलाही हिनं तिथे खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं मांडून. "तुमची जागा ही." मी आपला फुलून बसलो, छप्पर कोणी बांधलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आणि परवा टकलावर टप्प! हात लावून बघतो तर तांबडं. मी गुपचूप खुर्ची सरकवायला लागलो, तर ही मशीनवरून मानसुद्धा वर न करता म्हणते, "सरकवू नका. वर बघूनच ठेवलीय."

बसतो तिथेच. टोपी शिवून दिलीय हिनं, प्रेमानं... तांबड्या कापडाची, डाग दिसू नये म्हणून.