विंगेतल्या शिंकेचं पदक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय खुशालरावजी, प्रमुख पाहुण्या आरती बोंडे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते आमचे पुंजाराम गावंडे सर, त्यांच्या पत्नी रुख्मिणीकाकू, सर्व प्राध्यापक आणि दाटीवाटीनं बसलेले अमरावतीकर रसिकहो,

समोरचा माईक रिकामा पाहून घाबरू नका, वक्ता पळालेला नाही. मी आकांक्षा, हिवरखेडची, याच महाविद्यालयाच्या वाणी, प्रसारण आणि नाट्य विभागाची माजी विद्यार्थिनी. डावीकडच्या विंगेत, पडद्यामागे, हातात दुसरा माईक घेऊन उभी आहे. सरांनी आज अट घातली आहे की आकांक्षा पडद्याबाहेर येऊन बोलली, तरच शाल-श्रीफळ घेईन. अध्यक्षसाहेब मघापासून शाल हातात धरून बसलेत, हे मला फटीतून दिसतंय. साहेब, तूर्तास टेबलावर ठेवा, हात भरून येतील.

आपण म्हणाल, रोज सकाळी अकोल्याहून रेडिओवर अर्ध्या वऱ्हाडाशी गप्पा मारणारी ही बाई चारशे माणसांना कशाला भिते? अहो, रेडिओवर माणसं दिसत नाहीत, हेच तर रेडिओचं सुख आहे!

पहिल्या वर्षी वक्तृत्वाच्या तासाला मी वर्गासमोर उभी राहिले आणि तीन मिनिटं एक अक्षर बोलले नाही. वर्ग खो खो हसला. सरांनी वेळ संपल्याची घंटी वाजवली आणि म्हणाले, "थांबनं बेस जमलं तुले. आता मंधामंधात दोन शबुद टाकत जाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रेकॉर्डिंगच्या खोलीत एकटीला बसवलं. संत्र्याच्या बाजारभावांचं बातमीपत्र मी न अडखळता वाचलं. सर दार उघडून आत आले. "पोरी, इतका आवाज घिऊन लपून काहून बसली?"

पण लपणं काही सुटलं नाही. नाटकात मी तिन्ही वर्षं विंगेतून इतरांना संवाद पुरवणारी प्रॉम्प्टरच राहिले.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. नऊ वर्षांपूर्वी अकोल्याला आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होती. आमच्या एकांकिकेत खाष्ट सासू होती आरती. होय, याच आपल्या प्रमुख पाहुण्या! शेंदूरजनाघाटची ही गुणी मुलगी आदल्या दिवशी मावसबहिणीच्या वरातीत इतकी ओरडली, की सकाळी तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. पडदा उघडायला दहा मिनिटं होती. मग काय? मी विंगेतून सासू बोलले, आरतीनं ओठ हलवले. सर प्रेक्षकांत बसले होते, त्यांना सांगायलाही सवड झाली नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि ऐन भांडणात मला शिंक आली. जोरदार! पण आरती माझ्या आवाजाशी किती प्रामाणिक! तिनं तत्काळ पदर नाकाला लावला आणि सुनेकडं असं पाहिलं, जणू शिंकेचा दोषही तिचाच. टाळ्या पडल्या. वाचिक अभिनयाचं रौप्यपदक आरतीला मिळालं, आणि परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, "शिंक अत्यंत नैसर्गिक." त्यांच्यापैकी कोणी इथं असतील, तर माझा नमस्कार घ्या आणि राग सोडा.

परतीच्या वाटेवर एसटी मूर्तिजापूरला थांबली. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. आरतीच्या हातात मिठाचं गरम पाणी दिलं आणि माझ्या हातात खडीसाखर. "एवढी बोलली, गया सुकला असन तुहा." आम्हा दोघींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. सर रागावले नाहीत. आरतीला एवढंच म्हणाले, "हे पदक तुह्याजवळ ठेव म्हनून राहू दे. जवा हे आकांक्षा पडद्याभाईर यीन, तवा तिले देजो."

ते पदक आज आरतीच्या पर्समध्ये आहे. मगाशी ती मला दाखवून गेली, चिडवायला.

सर, आपण उद्यापासून या विभागात नसाल. आज मी इथंच उभी राहिले, तर जन्मभर इथंच राहीन, हे मला कळतंय. भीती वाटतेय. पण आपण त्या खुर्चीवरून रिकाम्या हातानं उठलात, तर मला आयुष्यभर सलेल.

बरं. ही पडद्याची कड.

आले.

नमस्कार. चेहरे फार आहेत हो! सर, आपण उठू नका, बसूनच ऐका. मला एवढंच सांगायचं होतं... वर्ग हसला तेव्हा आपण हसला नाहीत. म्हणून मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला आले. आणि... आणि...

आरती, आज प्रॉम्प्टर तू. पुढं काय गं?

काय? मोठ्यानं सांग ना वो बाई, माईक माह्याजवळ हाये!

हां. "सर, मी आपली ऋणी आहे. आयोजकांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं ते इथंच सोडून घरी जावं."

आरती, पर्स उघड. अध्यक्षसाहेब, शाल उचला.