दोन मिनिटांत आले

—नाही, बस ना, पिशवी माझीच आहे, उचलते. तुझा नंबर माझ्यानंतर ना? मग एक करशील? मी आत गेले की हिच्याकडे बघशील जरा? आमची ठकी. चार वर्षं पूर्ण. चावत नाही — म्हणजे सहसा नाही. शेजारच्या काकू सांभाळणार होत्या, पण ऐन वेळी त्यांना ताप. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल काय विचारतील म्हणून? छे! तक्ते, सरासरी, सगळं पाठ आहे. भीती ही, की मी आत बोलत असताना ही दार बडवेल. आणि प्रोजेक्टचा विषय काय माहितीय माझा? हसू नकोस हं — ‘लहान मुलं वाट कशी पाहतात.’

हसलीस! हस, आमचं सगळं घर हसतं. अगं, बालवाडीत जाऊन बसायचे मी कोपऱ्यात. बाई एका गटाला सांगायच्या, ‘दोन मिनिटांत आले’ — की अर्धी मुलं दाराशी, अर्धी रडकुंडीला. दुसऱ्या गटाला सांगायच्या, ‘एवढं चित्र रंगवून झालं की येते’ — ती बसायची रंगवत. मिनिट म्हणजे काय ते त्यांना कळतच नाही. कळतं ते एवढंच, की मोठी माणसं म्हणतात तेव्हा येत नाहीत. हा माझा निष्कर्ष — शेवटच्या प्रकरणात, चांगल्या ठळक अक्षरांत. आणि तो टाइप करताना मी बंद दाराआडून काय ओरडत होते? ‘ठकी, दोन मिनिटं!’

नाही, हिला नाही धरलं त्यात. गाइड मॅडम म्हणाल्या, घरचं मूल घ्यायचं नाही, निकाल कलतो. बरंच झालं म्हणा. कारण ही आधी दार बडवायची, आणि मग मध्येच एकदा गप्प झाली. मी खूश! नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, शिकली ही वाट पाहायला. नंतर दार उघडलं, तर उंबऱ्यातच झोपलेली — माझी एक चप्पल पोटाशी घेऊन. आई बाहेर जाऊ नये म्हणून गं... हे तुला कशाला सांगत बसलेय मी? कुणालाच सांगितलेलं नाही.

डिग्री हवीय मला. हिच्या वेळी शेवटचं वर्ष सुटलं, आता ही शेवटची मुदत — आज नाही झालं तर नाव कापतील, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण हिने दार बडवलं ना, तर मी उठून येईन. मला माहितीय, मी येईन. म्हणून तर—

हो, हो, मीच! आले सर! कागद कुठेयत... हे काय, हातातच आहेत. ठकी, इकडे बघ. या ताईजवळ बसायचं, हं? चप्पल दे माझी. दे गं राणी, एका पायाने कशी जाऊ आत? आई लगेच येते, दोन मिनि— काय? काय म्हणालीस?

ऐकलंस का गं तू? काय म्हणाली ही आत्ता?

“खूप वेळ म्हण. मग मी थांबते.”