मखराची भिंतीकडची बाजू

नाही सर, पेटीबिटी काही नाहीये — मलाही वाटलं होतं असेल. लोखंडी पेटी, आत कमळाकरकाकांनी चित्रकथांसाठी रंगवलेली सगळी मूळ मुखपृष्ठं, बटर पेपरमध्ये नीट गुंडाळलेली. तुमच्या गॅलरीला तसंच कळवलं ना मी? कळवलं. न बघताच. आणि इथे पनवेलला येऊन बघते तर काय — ते समोर भिंतीला ठोकलंय ना, सोनेरी कागदाचं, गणपतीचं मखर — तेच! चित्रकथा बंद पडल्या, छापखान्याने चित्रांचे पुठ्ठे परत केले आणि काकांनी त्यांचं मखर केलं. पाठीवर सोनेरी कागद, चित्रं भिंतीकडे.

या, फटीतून बघा, टॉर्च मारा. दिसली? डोलकाठीवर चढलेली कोळ्याची पोर, खाली पाण्यातून वर येणारा हात. दुसऱ्या कुणीही वादळ काळं काढलं असतं — काकांनी मोहरीसारखं पिवळं काढलंय, म्हणून तर भीती वाटते! आणि पोर त्या हाताकडे बघतच नाहीये, आपल्याकडे बघतेय. म्हणजे हात फक्त आपल्यालाच दिसतोय, सावध कुणी करायचं? आपणच! स्टॉलवरचं कुठलं मूल हे पुस्तक खाली ठेवेल? आता वर बघा, शीर्षकाची जागा. ती कोरी सोडतात. काकांनी तिथे मिठागरं रंगवलीत, मिठाच्या राशी, मागे कर्नाळ्याचा सुळका — अक्षरांखाली झाकलं जाणार हे माहीत असून! स्कॉटलंडला कला शिकायला होते तेव्हा वर्गात मी याची छापील प्रत मिरवत होते, मला याचा पत्ताच नव्हता.

वाळवी? हो, खालच्या कोपऱ्यात. म्हणूनच काल पक्कड घेऊन उभी राहिले. चंद्रावतीकाकी कडाडली, "गनपती तोंडावर आला न तू मखर मोडतेस? शिकून आलीस का इसरून आलीस?" मी म्हटलं, काकी, ही कला आहे, लोकांनी बघायला हवी. काका खाटेवर पडले होते, त्यांना आता फारसं दिसत नाही. म्हणाले, "लोकांना काय सांगशील गो?" मी प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका वाचून दाखवली. हो, छापून घेतली मी, आधीच — तुम्हाला पाठवणारच होते. वर मोठ्या अक्षरात 'निशा घरत यांचा शोध', खाली 'एका अज्ञात चित्रकाराची मुखपृष्ठे'. काका म्हणाले, "परत वाच." वाचली. "अज्ञात म्हंजे मीच ना?"

अहो, तसं लिहायची पद्धत आहे... म्हणजे, मी लिहिलं. छापखान्याच्या मालकाने एकाही अंकावर काकांचं नाव घातलं नाही म्हणून मी तिकडे तावातावाने निबंध लिहिला होता सर, आणि मग मी तरी काय केलं? म्हटलं, काका, पत्रिका बदलते, तुमचं नाव वर घालते. "नको," म्हणाले, "मखर ऱ्हाऊ दे." आणि कूस बदलली. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

रात्रभर तळमळले. आज सकाळी उठले आणि ठरवलं — मखर उघडायचं नाही. काका स्वतः म्हणेपर्यंत नाही, आणि ते म्हणालेच नाहीत तर कधीच नाही. वाळवी थांबणार नाहीये, ठाऊक आहे मला! औषध मारलं तर रंग जाईल, नाही मारलं तर पुठ्ठा. नका ना सांगू तेच तेच.

नाही, फोटोसुद्धा नको. निघा सर — काकांना जाग येईल आता.