फोटोतला करडा ठिपका

नांदणवाडीत एका वर्षात तीन माणसं गेली. तिघांचेही शेवटचे फोटो एकाच कॅमेऱ्याने काढलेले होते. तिन्ही फोटोंत, डोक्याच्या वर, उजव्या अंगाला, एक करडा ठिपका होता.

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न असा. दुःख झालं की माणूस कारण शोधतो. शोधावंच! पण शोधता शोधता जो हाताशी सापडेल त्याची मान धरायची, हा अधिकार कुणी दिला? — बुवा, मृदंग जरा थांबू द्या. हे शांतपणे ऐकण्याचं आहे.

कॅमेरा होता इंदुमती परीट हिचा. चाळिशीची, एकटी बाई. तालुक्याच्या स्टुडिओत बारा वर्षं राबली. स्टुडिओ बंद झाला, तेव्हा तिथलाच जुना कॅमेरा तिने स्वस्तात घेतला. मोठा, काळा, जड. लेन्स काढून दुसरी लावता येते तो! पकडीवरचं रबर सुटलेलं, ते तिने पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेलं. गावातला गणपत शेलार तिला चिडवायचा, "इंदे, याच्यापेक्षा माझा मोबाइल नवा!" ती म्हणायची, "मोबाइल नवा आहे दादा, पण त्यामागचा डोळा तुमचाच ना!" हसा, मंडळी, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फार नाही.

तिसरे गेले ते याच गणपतचे वडील, नाना. वय सत्त्याऐंशी. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतच्या अंगणात माणसं जमली. खुर्चीवर नानांचा फोटो, त्याला हार. पुढे बिरू भगत डोळे मिटून बसलेला. डोळे उघडून तो म्हणाला, "त्या यंत्राला बाधा आहे. ज्याच्या डोक्यावर ठिपका, त्याला बोलावणं! आजच्या आज तळ्यात सोडा."

झाला ठराव! चौकशी नाही, तपासणी नाही. अहो, म्हैस विकत घेताना चार वेळा दात बघणारी माणसं ही!

इंदूला निरोप गेला, "कॅमेरा घेऊन ये." ती आली. पदराखाली कॅमेरा. या वस्तूवर तिची चूल होती. दुसरी घेण्याची ऐपत नव्हती, आणि बाधेची बाई म्हटल्यावर तिला लग्नाला, बारशाला कोण बोलावणार? तिचं सगळं त्या तळ्यात जाणार होतं.

पण ती रडली नाही. तिने कॅमेरा भगतापुढे धरला. "बिरूकाका, तळ्यात सोडण्याआधी एक फोटो तुम्ही काढा. वर आभाळाचा."

भगताने कॅमेरा धरला, तो असा — जणू विंचू! बटण दाबलं. मागच्या पडद्यावर निळं आभाळ उमटलं, आणि वर, उजव्या अंगाला, तोच करडा ठिपका.

इंदू म्हणाली, "काका, आभाळाचं तेरावं कधी घालायचं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गणपत ओरडला, "थट्टा करतेस? बाप गेलाय माझा!"

"थट्टा नाही, दादा. बघा." तिने कॅमेरा उलटा धरून चुन्याच्या भिंतीचा फोटो काढला. मघाशी वर असलेला ठिपका आता भिंतीच्या खालच्या अंगाला आला. कॅमेरा फिरला तसा तोही फिरला. म्हणजे ठिपका आभाळात नाही, भिंतीवर नाही, माणसाच्या डोक्यावर तर नाहीच. तो कॅमेऱ्याच्या आत आहे!

मग तिने जुने फोटो मागे मागे नेले. चैत्रातल्या पालखीपर्यंत ठिपका. त्याआधी सगळं स्वच्छ. ठिपक्याचा पहिला फोटो सापडला. त्यात कोण? गणपत शेलार! दोन्ही मुठी आभाळाकडे, आणि मुठींतून गुलालाचा लोट.

"पालखी जवळ आली म्हणून मी तिथेच लेन्स बदलली. चार सेकंद कॅमेऱ्याचं तोंड उघडं राहिलं, गुलालाचा कण आत गेला. ती चूक माझी, आणि तो झटकायचा राहून गेला तीही माझीच. नवे कॅमेरे आतली धूळ आपली आपण झटकतात, हा जुना आहे. घरात, कमी उजेडात, लेन्सचं छिद्र मोठं ठेवते, तेव्हा कण दिसत नाही. उन्हात छिद्र बारीक करावं लागतं, मग त्याची सावली उठते. एवढंच आहे."

तिने लेन्स काढली, कॅमेरा पालथा धरला, रबरी फुग्याने आत तीनदा वारा मारला. पुन्हा आभाळाचा फोटो. ठिपका नाही!

माणसं पडद्यात डोकावून मागे सरली. पण गणपत अजून तिथेच उभा. आवाज उतरलेला. "मग माझा बाप का गेला?"

इंदूने हळूच विचारलं, "दादा, मला फोन केलात तेव्हा काय म्हणाला होतात?"

तो नानांच्या फोटोकडे वळला. उंबऱ्यातून त्याची म्हातारी आई बोलली. "मी सांगते. म्हणालास, लवकर ये, नानांचं काही खरं नाही, भिंतीला लावायला एक तरी फोटो असू दे. मी आतच होते रे, गणपा. ऐकलं सगळं."

गणपतने मान खाली घातली. भगताला अचानक म्हशीच्या वैरणीची आठवण झाली! माणसं धोतर झटकून उठली. मंडळी, माफी किती जणांनी मागितली? एकानेही नाही. इंदू कॅमेरा पदरात गुंडाळून घरी गेली.

आता तुमच्याकडे वळतो. माना वळवू नका! तुमच्या गावात अशी कुणी आहे की नाही, जिच्या हातचं चालत नाही, जिची सावली नको? तिच्याविरुद्धचा पुरावा कधी तपासलात? पालखीपासून त्या सकाळपर्यंत इंदूने उन्हात एकशे चौदा माणसांचे फोटो काढले. ठिपका प्रत्येकात होता. एकशे अकरा माणसं आजही जेवताहेत, भांडताहेत, सरपंच तर पुन्हा निवडणुकीला उभे आहेत! त्यांना कुणी मोजलं नाही.

कारण सांगतो आणि थांबतो. ठिपका गुलालाच्या कणाचा होता. तिघं वयाने आणि दुखण्याने गेली. फोटो काढला म्हणून ती गेली नाहीत. ती जाणार हे घरच्यांना दिसत होतं, म्हणून फोटो काढायला बोलावलं होतं.