मागच्या रांगेतले डबे

— नाही हो दादा, रंगाचे डबे नाहीत ते. अंडी आहेत. हसताय काय, खरंच अंडी — वाळवून, भुकटी करून भरलेली. उचला बिनधास्त, फुटायची भीती नाही. पाईप त्यांच्या मागेच गळतोय, म्हणजे दोन्ही रांगा हलवाव्याच लागणार. हा सगळा आमच्या ह्यांचा कारभार. उद्या पूर आला, भूकंप झाला, दुकानं बंद पडली, तर काय खाणार? अंडी खाणार! थोडी भुकटी घ्यायची, पाणी घालून घोटायची, गुठळ्या मोडल्या की ऑम्लेट. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षं टिकते म्हणे. तशी जागा घरात एकच, ही कोठीची खोली — म्हणून माझं धान्य गेलं बाहेर आणि अंडी आली आत. संकटाचा मात्र अजून पत्ता नाही. वाट बघून बघून बिचारे हेच थकले.

पण ओल चालत नाही हो त्याला, ओल म्हणजे शत्रू. म्हणून तर तुम्हाला घाईने बोलावलं. हे बाहेर गेलेत, ते यायच्या आत सगळं कोरडं हवं, नाहीतर माझं काही खरं नाही — का म्हणजे? डबा ओला दिसला की उघडून बघतील. एरवी नाही उघडत, हवा लागली की फार टिकत नाही म्हणतात. नुसते चमच्याने टकटक करून कान लावतात, डॉक्टरसारखे. पण ओल लागली तर एकेक उघडतील, आणि मागच्या रांगेत... तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? मागच्या रांगेत मैदा आहे. मीच भरलाय.

आता असं बघू नका, विकून नाही खाल्ली मी! लेकीला दिली. आमची चिमी — चांगली ऑफिसातली नोकरी सोडली आणि केकचं दुकान काढलं. ह्यांचं डोकं फिरलं. “या घरातून एक अंडंसुद्धा मिळणार नाही तुला!” — जेवता जेवता ओरडले. तीही ह्यांचीच पोर, ताटावरून उठली ती गेलीच, तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाही. पुढे कोंबड्यांमध्ये रोग पसरला, अंड्यांचे भाव आभाळाला भिडले, दुकानाला कुलूप लावायची पाळी आली तिच्यावर. मी म्हटलं, संकट संकट म्हणतात ते हेच की! आणखी कुठल्या पुराची वाट बघायची? शिवाय हे अंडं म्हणाले होते, भुकटीचं नाव कुठे काढलं होतं? — नेली एका डब्यातली. मग दुसऱ्यातली. रिकाम्या डब्यात मैदा, झाकणाला चिकटपट्टी, की सरकवला मागे. केक खाणाऱ्यांना फरक कळत नाही, आणि ह्यांना? ह्यांना काय कळतंय! कोळून प्यायलेय मी ह्यांना. घोर एकच आहे — आता पुढची रांग तेवढी उरलीय. ती संपली की पोरीनं दुकान कसं चालवायचं, सांगा ना.

अहो, सांभाळा — पाना लागला त्याला — पडलाच! असू दे, असू दे, मैदाच तो, मी झाडून...

पिवळा कसा?

थांबा. तो दुसरा उघडा बरं, त्याच्या शेजारचा. काढा पट्टी, काढा. — हाही पिवळा, अंड्यांचीच भुकटी. दादा, या हातांनी मैदा भरला होता मी. पांढराशुभ्र. म्हणजे ह्यांनी... तरीच दर रविवारी जड पिशवी घेऊन येतात आणि विचारलं तर म्हणतात, खिळे आणले! एवढे खिळे ठोकले कुठे, हे कधी मनातसुद्धा आलं नाही माझ्या. आणि मैदा? अगं बाई — माझी मैद्याची बरणी संपता संपत नव्हती, मी आपली समजत होते, माझा हातच काटकसरीचा! मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी मी, आणि वाटी पुढे सरकवणारे हेच. एका शब्दानं बोलले नाहीत हो. चिमीचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. एवढा राग येतोय ना त्यांचा — आणि एवढं बरं वाटतंय!

फाटक वाजलं. आलेच. नाही, पुसू नका ते, राहू दे सांडलेलं तसंच. पाण्याचा मुख्य नळ बंदच आहे, पाईप उद्या बघू. तुम्ही निघा. मला चिमीला फोन लावायचाय, ह्यांच्यासमोर — आज रात्री जेवायला इथेच ये म्हणून. आणि हे बघा, दारात भेटतील तुम्हाला, हातात पिशवी असेल. काय आणलं म्हणून विचारू नका हं. लाजतात ते.