चौथ्या खाटेचं मत

(सुमनबाई, निवृत्त सिस्टर, लातूर. त्यांनी सांगितलं तसं.)

माझा जन्म नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याकडचा, गाव लहान, नाव सांगून तुम्हाला काय कळणार न्हाई. आम्ही बौद्ध, बाप दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायचा, पण मतदान आलं की सगळ्यात आधी आंघोळ करून पांढरा सदरा घालून शाळेपुढं उभा, पाटलाच्याही आधी, आन पाटील म्हणायचा काय रे, लई घाई हाय का, तर बाप म्हणायचा हाव मालक, घाई हाय. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सोडून मी आईसंगं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले, तिथं एक सरकारी सिस्टर सुया टोचायला यायची, मी काम टाकून तिच्याकडंच बघत बसायचे, तर ती एक दिवस म्हणली, पोरी, हात कशाला खराब करून घेतीस, शाळा पुरी कर आन नांदेडला ये. मी शाळा पुरी केली, नांदेडला गेले, सिस्टर झाले. आई तर मला बाईसाहेबच म्हणायला लागली, चिडवायची बगा.

मंग पेपरात आलं, परदेशात सिस्टर पाहिजेत. मी गेले. कुठं गेले ते लिहू नका ताई. तेलाचा मुलूख व्हता, धर्माच्या नावानं चाललेलं राज्य, वर बसलेल्याच्या विरोधात बोलायची सोय न्हाई, पण निवडणूक मात्र व्हायची. धर्माला मी दोष देत न्हाई हं, आमच्या घराला लागून मुसलमानाचं घर व्हतं, त्यांच्या ईदेला आम्हीच आधी जेवायला. नाव लिहू नका ते माझ्या मैत्रिणीसाठी, ती अजून तिथंच असंल तर. तिचंही खरं नाव नको, गुल लिहा.

गुल तिथलीच, माझ्याच वॉर्डात सिस्टर. केरळच्या पोरी आमच्यासंगं आलत्या, त्यांना तिथलं काही कळायचं न्हाई, पण आपल्या इकडं निजामाचं राज्य व्हतं ना, उर्दू कानावरची, त्यामुळं दर्द, बीमार, खून, गरम, दरवाजा, कमर हे सगळं मला घरचंच, ते लोक पण तेच म्हणायचे. वर्षभरात मी अशी फडाफडा बोलायला लागले की गुल म्हणायची, तू आमच्यातलीच हायस, चुकून तिकडं जन्मलीस. पाच वेळा नमाज पढणारी बाई, पण जिभेला हाड न्हाई, मोठ्या डॉक्टरला तोंडावर म्हणायची, हात धुऊन या.

तिथं परतेकाकडं ओळखीचं एक छोटं पुस्तक असायचं, मत दिलं की त्यात शिक्का मारायचे. शिक्का नसला तर नोकरीत अडवतील, रेशनला अडवतील अशी लोकांना धास्ती, म्हणून लोक मत द्यायला न्हाई, शिक्का घ्यायला जायचे. त्या वर्षी मात्र तसं नव्हतं. एक माणूस उभा व्हता, वरच्यांना नको असलेला, आन लोक त्याच्यासाठी खुशीनं रांगेत उभे राहिलते, आमचा झाडूवालासुद्धा दाढी करून आलता. मला बाप आठवला.

दवाखान्यात मताची पेटी वॉर्डातच आणत्यात, दुपारच्या जेवणानंतर आली. तीन माणसं, संगं दवाखान्याचा साहेब. चौथ्या खाटेवर शाळेचे एक म्हातारे मास्तर व्हते, मेंदूत रक्त साकळलेलं, नऊ दिवस डोळा उघडला नव्हता. त्यांना सलाईन लावायचं म्हणून मी बाटली हातात धरून उभी. ती माणसं आली, एकानं चिठ्ठीवर वरच्यांच्या माणसाचं नाव लिहिलं, ती पेटीत टाकली, आन मास्तरचा अंगठा शाईत बुडवायला हात ओढला. गुलनं तो हात धरून चादरीखाली घातला. म्हणली, हा माणूस बेशुद्ध हाय, ह्याचं मत तुम्हाला कुणी सांगितलं. तो माणूस हसला, म्हणला, बहिणी, आम्ही आजाऱ्याला मदत करून राहिलो. हसत हसतच त्यानं चादर उचलली, अंगठा घेतला, मास्तरच्या पुस्तकात शिक्का मारला, आन माझ्याकडं बघून मान हलवली, जशी काय मी पण त्यांच्यातलीच. मी पण मान हलवली. काऊन हलवली ते मला आजवर कळलं न्हाई.

मास्तर दुसऱ्या दिवशी वारले. मुलगा पुस्तक घ्यायला आला, शिक्का पाहिला, गुलला विचारलं माझ्या बापानं मत कसं दिलं, आन तिनं जसं झालं तसं सांगितलं. मी तिला बाजूला घेऊन म्हणलं, बाई, जरा दमानं, तर म्हणली, मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलू का. मंग निकाल लागला, ज्याला कुणी मत दिलं म्हणत नव्हतं तो निवडून आला. लोक रस्त्यावर, आमचं मत कुठं गेलं म्हणून, आन मास्तरचा पोरगा ते पुस्तक वर धरून सगळ्यांच्या पुढं. चार दिवसांत आमचा वॉर्ड भरून गेला, पायात गोळी, पोटात गोळी, आन वरून हुकूम की नावं लिहून द्या. जखमी माणसं औषधाच्या आधी विचारायची, नाव लिहिलं का. पाचव्या दिवशी दवाखाना एकदम शांत झाला, नवीन कुणी येईना, मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. मास्तरच्या पोराला नेलं असं कळलं.

मंग आम्हा दोघींना बोलावलं, साहेबाच्या खोलीत. दोन माणसं बसलेली, साध्या कपड्यातली, लई अदबीनं बोलणारी, आम्हाला चहा दिला. टेबलावर माझा पासपोर्ट, तो पहिल्यापासून दवाखान्यातच जमा असायचा. गुलला म्हणले, तू खोटी अफवा पसरवलीस. ती म्हणली, अफवा न्हाई, मी एकटी नव्हते, ही सुमन तिथं बाटली धरून उभी व्हती, हिनं सगळं पाहिलं, सगळं ऐकलं, हिला विचारा. ती बिनघोर बोलली ताई, तिला वाटलं आता झालं, साक्ष हाय.

त्यानं पासपोर्ट उघडला, माझा फोटो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आन एकदम हळू आवाजात विचारलं, त्या दिवशी तू काय ऐकलंस.

मी म्हणलं, मला तुमची भाषा येत न्हाई. तोडक्या इंग्रजीत म्हणलं, दोनदा म्हणलं.

गुलनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडती, खोटं बोलून राहिली म्हणती. तिनं चहाचा पेला खाली ठेवला आन त्यांना म्हणली, हाव, हिला येत न्हाई, नवीन हाय, माझीच चूक झाली. असं म्हणली ताई. मला वाचवलं. मंग ते तिला घेऊन गेले, मी तिथंच उभी, हात जोडायचेही राहून गेले.

दुसऱ्या पोरी सुट्टीच्या कागदासाठी सहा सहा महिने वाट बघायच्या, मी मागितलंसुद्धा न्हाई, माझा पासपोर्ट आठ दिवसांत हातात दिला, घरी जा म्हणले. निघायच्या सकाळी गुलची आई हॉस्टेलवर आली, हातात पाण्याचं भांडं. म्हणली, माझी लेक म्हणायची तू घरच्यासारखी बोलतीस, तिनं काही सांगून ठेवलं का, कुठं नेलं काही कळलं का. मी नुसती मान हलवली, न्हाई म्हणून. भाषा तोंडात व्हती, पण एकदा येत न्हाई म्हणलं की मंग कुणापुढं बोलावं, शेजारी पहारेवाला उभा. तिनं माझ्या कपाळाचा मुका घेतला, आन मोटार हलली तवा मागून रस्त्यावर भांडं उपडं केलं. आपण दुष्काळातली माणसं, पाणी असं मातीत ओतलेलं बघून माझा जीव कळवळला, मी मागं वळून बघितलं. त्यांच्यात रीत हाय ती, जाणाऱ्याच्या मागं पाणी ओतत्यात, परत यावं म्हणून.

मी परत गेले न्हाई. इकडं आले तर लातूर नवीन जिल्हा झालेला, नवीन दवाखाना, सिस्टर पाहिजेच व्हत्या, लागले. लग्न झालं, पोरं झाली, नोकरी सन्मानानं संपली, मालक गेले, आता सूनबाई चहा देती. टीव्हीवर अधूनमधून तो मुलूख दिसतो, पुन्हा निवडणूक, पुन्हा रस्त्यावर माणसं, आन मी गर्दीत म्हाताऱ्या बायका बघत बसते. घरात कुणाला हे ठाऊक न्हाई, मालकांना पण सांगितलं नव्हतं, त्यांना वाटायचं पगार चांगला असून मी घराच्या ओढीनं परत आले. गावात तर माझा सत्कार केलता.

मतदानाला जाते मी अजून, लवकर जाते. आन रोज बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली की गुल जिथं असंल तिथं सुखात राहो म्हणते. माझा हक्क न्हाई असं म्हणायचा, तरी म्हणते. तिच्याच भाषेत म्हणते ताई, ती मला अजून सगळी येती.